घोंगडीवरचा फासा

शनिवारी रात्री शिवाजी पेठेतल्या आमच्या माडीवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव बसतो. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं होऊन फासे टाकत तळघरातनं वाट काढायची, असा हा खेळ. खेळणारे चौघं, गोष्ट चालवणारा मी. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणलेला हा खेळ, त्यामुळं त्यातली तळघरंही तिकडचीच. वर्षभर मी ती इंग्रजीतनंच वाचून दाखवली. स्पीकरवर गडगडाट लावला, रंगीत दिवे आणले. तरी पोरं मधेच मोबाइल काढायची.

जुलैत मी तळघर पन्हाळ्यावर नेलं. अंधारबाव, म्हणजे गडावरची झाकलेली विहीर. तीन मजली, तळाला पाणी, बाहेर निसटायला चोरवाट. साल १६६०, सिद्दी जौहरचा वेढा पडलेला. महाराजांना मी डावात पात्र करत नाही, ते मला पटत नाही. आमची पात्रं गडावरची चार साधी माणसं.

अंधारबाव आम्ही सगळ्यांनी शाळेच्या सहलीपासनं बघितलेली. ‘डॅम्प कॉरिडॉर’ म्हटल्यावर कुणाला काही होत नव्हतं. ‘पायरी निसरडी हाय, भिंत धरून उतर’ म्हटलं आणि समोरच्यानं मांडी घातलेले पाय आखडून घेतले. त्याची ती पायरी त्याला आठवली. माझ्या वर्णनापेक्षा ती आठवण कितीतरी खरी.

स्पीकर बंद ठेवला. पत्र्यावर खरा पाऊस कोसळत असताना रेकॉर्ड केलेला कशाला? ट्यूब घालवली, खाली आजोबांची घोंगडी अंथरली आणि कडेला एक कंदील. फासे आधी स्टीलच्या ताटात टाकायचो, त्या खणखणाटानं सगळी तंद्री मोडायची. घोंगडीवर वीस बाजूंचा फासा आवाजच करत नाही. काळ्या लोकरीत आकडा दिसत नाही म्हणून चौघं एकदम वाकतात, डोकी जवळ येतात, कुणी बोलत नाही. त्या दोन-तीन क्षणांत आपणही गप्प राहायचं, हे मला फार उशिरा जमलं.

मग म्हटलं, “पायऱ्या संपल्या. पुढं पाणी. किती खोल ते हातानंच बघ.” आणि फ्रिजच्या पाण्यानं भरलेली तांब्याची कळशी अंधारातनं पुढं सरकवली. तळाशी मी काथ्याचा भिजलेला गुंडा सोडून ठेवला होता.

त्यानं मनगटापर्यंत हात घातला आणि थांबला.

“भावा, आत केसं हायत.”

मी काहीच बोललो नाही. दुसऱ्यानं कंदिलाची वात बारीक केली. मी सांगितलं नव्हतं.