आभाळ तिघांवर एकच होतं

मंगळवार, रात्री

नातीने शाळेच्या प्रकल्पात लिहिलंय, 'हवामान बदलामुळे सोमालियात दुष्काळ पडला आणि लाखो लोक मेले.' शुद्धलेखन तपासायला वही माझ्याकडे आली. शुद्धलेखन ठीक आहे, पण ते 'आणि' मला पचत नाही.

२०१०-११ मध्ये केनिया, इथिओपिया आणि सोमालिया, तिन्हीकडे पावसाने दगा दिला. गुरं तिन्हीकडे मेली. पण दुर्भिक्ष, म्हणजे अन्नावाचून माणसं मरण्याची अवस्था, संयुक्त राष्ट्रांनी २० जुलै २०११ ला जाहीर केली ती फक्त दक्षिण सोमालियात. तिथे अल-शबाब या सशस्त्र इस्लामी गटाचा अंमल. त्यांनी मदतसंस्थांना हाकललं होतं, गाव सोडून निघालेल्यांनाही ते अडवत होते. अमेरिकेच्या दहशतवादविरोधी कायद्यांच्या धास्तीने उरलीसुरली मदतही आटली. सुमारे २ लाख ५८ हजार माणसं गेली, त्यातली निम्मी पाच वर्षांखालची पोरं.

तापमानवाढीचं पाप छोटं आहे असं मी म्हणत नाही. ज्या देशाचा जगाच्या धुरात चिमूटभरही वाटा नाही, त्याचे २०२० ते २०२२ मध्ये लागोपाठ पाच पावसाळे (तिथे ते वर्षात दोनदा येतात) कोरडे गेले, हा अन्यायच. पण सगळं आभाळाच्या माथी मारलं की बंदूकवाले अलगद सुटतात. धनगराला दुष्काळ नवा नसतो. तो कळप घेऊन पाणी असेल तिकडे निघतो, चार जनावरं विकतो, दिवस काढतो. वाटेवर नाका बसला की यातलं काहीच करता येत नाही.

आपल्या इंदूरलाही उन्हाळ्यात कुठे पाणी असतं? १९७८ पासून जलूदहून नर्मदा विंध्य चढवून आणतात, सत्तर किलोमीटर. नळ येतो एक दिवसाआड आणि आम्ही कुरकुरतो. पण मधल्या रस्त्यात कोणी बंदूक घेऊन बसलेलं नाही.

एकेकाळी मात्र बसलेले होते, आणि ते आपलेच. १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटलं, जाळलं. पुढच्या वर्षी यशवंतराव होळकर पुण्यावर चालून गेले. दोन्हीकडच्या फौजा आणि पेंढारी दख्खनभर फिरले. पेवं उकरली, बैल हाकून नेले, बियाणंसुद्धा ठेवलं नाही. आणि १८०३ ला परतीचा पाऊस हुकला. पुणे-नगरकडे माणसं किडामुंगीसारखी मेली. यशवंतरावांनी इंग्रजांना मेटाकुटीला आणलं याचा अभिमान मला आहेच. पण हिचं माहेर नगरचं, त्यामुळे घरात हा विषय मी जपूनच काढतो.

सुदानच्या बातम्या वाचताना म्हणूनच शिंदे-होळकर आठवतात. एप्रिल २०२३ पासून तिथे दोन सेनापती एकमेकांवर उठलेत. जझीरा म्हणजे त्या देशाचं धान्याचं कोठार, निळ्या नाईलच्या कालव्यांवर भिजणारं. पाऊस हुकला तरी तिथे पीक यावं. डिसेंबर २०२३ मध्ये त्या दोघांतल्या एकाचं निमलष्करी दल तिथे घुसलं, आणि बियाणं, ट्रॅक्टर, गोदामं, सगळं लुटून नेलं.