कपात वर पोकळी राहते म्हणून मी इतकी वर्षं चुकीची ब्रा घालत होते: माझा अनुभव

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. हा विषय असा आहे की आपण जवळच्या मैत्रिणीशीसुद्धा अर्धवटच बोलतो, पण मला जे कळायला बारा-तेरा वर्षं लागली ते कुणाला एका दिवसात कळलं तर बरंच आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

माझी तक्रार एकच होती. कुठलीही ब्रा घातली की कपाचा वरचा भाग रिकामा राहायचा, अंगाला चिकटायचाच नाही. टी-शर्टवरून कपाची कड दिसायची, कुणाच्या लक्षात येईल म्हणून मी सारखी ओढणी नाहीतर जॅकेट घ्यायचे, आणि चुकून हात लागला की कप आत चेपायचा आणि तसाच चेपलेला राहायचा. आधीपासून थोडं होतंच, पण दुसऱ्या मुलीचं अंगावरचं दूध सोडवल्यावर फारच वाढलं. आता वर पोकळी राहते म्हटल्यावर कुणीही काय म्हणेल, कप मोठा होतोय, लहान घे. मीही तेच केलं. ३६ बी (आकडा पट्ट्याचा, अक्षर कपाचं) घालत होते त्याची ३६ ए केली. आणि मग तर विचारूच नका, पोकळी होती तशीच, शिवाय कपाखालची वायर सरकून स्तनावरच बसायची, संध्याकाळी काढली की लाल वळ, खांद्यावर स्ट्रॅपचे खड्डे. मला खरंच वाटायला लागलं होतं की माझ्या शरीरातच काहीतरी बिघडलंय, आता असंच राहणार.

हे बदललं ते माझ्या धाकट्या बहिणीमुळे. ती कपडे शिवते, मापाचं तिला कळतं. एकदा मी तिच्यासमोर ब्लाउजची ट्रायल करत होते तर ती मागून म्हणाली, "ताई, तुझा पट्टा बघ कुठे गेलाय, पार वर." आरशात बघितलं तर खरंच, पुढून पट्टा खाली आणि मागून वर चढलेला, कमानीसारखा. ती म्हणाली, "मागून वर गेला म्हणजे सैल आहे. पट्टाच धरत नाहीये तर कप कसे धरतील?" मी तोपर्यंत समजत होते की स्ट्रॅप घट्ट केले की ब्रा घट्ट होते. तसं नाही. वजन बहुतेक सगळं छातीखालच्या पट्ट्यानेच उचलायचं असतं, स्ट्रॅप फक्त कप जागेवर ठेवायला असतात. तपासायचं सोपं आहे, स्ट्रॅप खांद्यावरून खाली सोडा, चांगल्या मापाची ब्रा तशीच जागेवर राहते. माझी घसरून खाली आली.

मग तिने टेप काढला आणि बसून माप घेतलं. आधी स्तनांच्या अगदी खाली, श्वास सोडून, टेप फिट्ट आणि मागे-पुढे सरळ रेषेत. आलं ३१ इंच. मग सगळ्यात भरलेल्या जागी, उभं राहून ३६. आणि मग ती म्हणाली आता पुढे वाक, कंबरेतून, आणि तसंच वाकलेलं असताना माप घेऊ. ते आलं ३८! मऊ आणि थोडे उतरलेले स्तन असतील तर उभं राहून घेतलेलं माप कमीच येतं, म्हणून दोन्ही घ्यायची आणि मधलं धरायचं, म्हणजे माझं ३७. पट्टे सम आकड्यांचे असतात म्हणून ३१ ला पट्टा ३२ चा, ३७ वजा ३२ म्हणजे ५ इंच फरक. एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी आणि पाचला डबल डी. मी, जी ३६ ए घालून बसले होते, ती ३२ डबल डी!

माझा विश्वासच बसेना. डबल डी म्हणजे खूप मोठं असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं ना. पण ते अक्षर एकटं काहीच सांगत नाही, पट्ट्याचा आकडा बदलला की त्याच अक्षराचा कप लहान-मोठा होतो. ३२ डबल डी, ३४ डी आणि ३६ सी या तिन्हींच्या कपात साधारण सारखंच मावतं. म्हणजे हिशेब केला तर मी पट्टा सैल आणि कप दोन माप लहान असं घालत होते. आणि ते ३६ आलं कुठून तेही कळलं, जुन्या पद्धतीत छातीखालच्या मापात ४ इंच मिळवतात, ३१ आणि ४ म्हणजे ३५, विषम आकडा म्हणून पुढचा ३६. पहिल्यांदा कुणीतरी असंच सांगितलं असणार आणि तेच मी धरून चालले. (एक सांगून ठेवते, लेबलवर ७० ई असं दिसलं तर घाबरू नका, युरोपातली मापं सेंटीमीटरवर असतात आणि तिकडे डबल डी ऐवजी ई लिहितात, ती हीच साइज.)

तर मला वाटलं झालं, सुटला प्रश्न. ३२ डबल डी मागवली, जाड फोमच्या मोल्डेड कपाची, पूर्ण झाकणारी, वापरायची सवय होती तशीच. पट्टा इतका छान बसला की पहिल्यांदा पाठ मोकळी वाटली, आणि वर बघते तर पोकळी आहेच. कमी झाली होती, पण होती. त्या दिवशी मी रडले, खोटं कशाला बोलू. इतकं सगळं माप वगैरे घेऊन परत तेच.

इथेच मला खरी गोष्ट कळली जी कुठल्याच चार्टवर नसते. साइज म्हणजे किती मावतं, आणि आकार म्हणजे ते कुठे आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरशासमोर ब्रा न घालता बाजूने उभं राहा आणि निपलमधून एक आडवी रेषा मनात धरा. रेषेच्या वर जास्त भरलेलं असेल तर तो एक आकार, खाली जास्त भरलेलं असेल तर दुसरा, काहींचं दोन्हीकडे सारखं असतं. माझं जवळजवळ सगळं रेषेखाली. वरचा भाग उतारासारखा, सपाट. यात बिघडलेलं काहीच नाही. स्तनात स्नायू नसतातच, स्नायू असतो तो त्याच्या मागे, स्तन उचलून धरतात ते कातडी आणि आतले बारीक तंतू. गरोदरपणात आतल्या ग्रंथी वाढतात, नंतर आक्रसतात, कातडी ताणली गेलेली असते, वय आणि वजनही आहेच, त्यामुळे वरचा भाग रिकामा दिसतो. हे कळल्यावर मी ती मसाजची तेलं आणि क्रीम बंद केली. व्यायाम करते, पण तो या आशेने नाही.

आता मोल्डेड कप म्हणजे फोमचा साच्यात घडवलेला, त्याचा आकार ठरलेला. तुम्ही त्याच्यासारखे असाल तर छान, नसाल तर तो वाकत नाही. आणि पूर्ण झाकणाऱ्या कपात वर भरपूर जागा असते, म्हणजे माझ्याकडे जिथे काहीच नाही नेमकं तिथेच. खाली मात्र तो उथळ असतो. बहीण म्हणाली, "सपाट कापडाला गोलाई आणायची तर टक्स घालावे लागतात, शिवण घ्यावी लागते, तुला शिवणीचा कप बघायला हवा." मला हे इतकं पटलं! आणि त्याच बोलण्यातून जुनं कोडंही सुटलं. खालून कप उथळ किंवा लहान असेल तर स्तन तळापर्यंत बसतच नाही, मग तो कपाला पुढे ढकलतो आणि वायर जागेवरून सरकते, आणि वरची कड अंगापासून सुटते. म्हणजे वर पोकळी दिसते ती कप लहान असल्यामुळेसुद्धा! मी पोकळी बघून अजून लहान कप घेत गेले आणि अजून बिघडवत गेले.

त्यानंतर ट्रायल रूममध्ये एका दिवशी नऊ-दहा ब्रा घालून बघितल्या. सगळ्यांचं सांगत नाही. प्लंज, म्हणजे मधून खोल कापलेली, ती घातली तर पोकळी नव्हती पण जरा वाकले की डावीकडचा स्तन मधून बाहेर यायला बघत होता, काहींना ती याच आकाराला चांगली बसते, मला नाही बसली. मग बाल्कनेट घातली. याचा कप उंचीला कमी असतो, वरची कड जवळजवळ आडवी, स्ट्रॅप जरा बाजूला. ही तीन तुकडे जोडून शिवलेली होती, खाली दोन तुकड्यांमध्ये उभी शिवण, त्यामुळे खाली खोली, आणि वरचा तुकडा ताणणाऱ्या लेसचा. लेस जितकं भरलंय तितकीच ताणते आणि नसेल तिथे अंगाला चिकटून बसते. घालून, पुढे वाकून, हाताने काखेच्या बाजूचा भाग धरून हळूच कपात आणला, सरळ उभी राहिले, आणि वर काहीही सुटलेलं नव्हतं. बाजूने गोल, निपल समोर, आणि दोन्ही कपांच्या मधला भाग छातीच्या हाडाला टेकलेला. मी आरशात किती वेळ बघत राहिले सांगता येणार नाही. ती ब्रा साधी काळी होती, पण मला मी सुंदर दिसले.

हे काखेकडून आत घ्यायचं तुम्ही करत नसाल तर आधी तेच करा, मगच कप लहान की मोठा ते ठरवा. आणि ट्रायल रूममध्ये नुसतं उभं राहून चालत नाही. हात वर करा, बसा, वाका, दहा पावलं चाला. वायर स्तनाखालच्या घडीतच राहिली पाहिजे आणि काखेकडे तिचं टोक स्तनाच्या मागे संपलं पाहिजे, स्तनावर नाही. नवीन ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकवर फिट्ट बसेल अशीच घ्यायची कारण इलॅस्टिक सैल होतंच, मग आतले हुक कामाला येतात. मी आधी मधल्या हुकवर आरामात बसणारी घ्यायचे आणि तीन महिन्यांत ती पाठीवर चढायची.

माझे दोन्ही स्तन सारखे नाहीत, डावा मोठा. थोडा फरक बहुतेक सगळ्यांनाच असतो, माप नेहमी मोठ्या बाजूचं घ्यायचं आणि दुसऱ्या कपात पातळ पॅड सरकवायचं, काही ब्रांना आतून त्यासाठी खिसा असतो. मात्र फरक पूर्वीपासून नसेल आणि अचानक एका बाजूचा आकार बदलला, गाठ लागली, कातडीला खळी पडली, निपल आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्तासारखं काही आलं तर ब्रा वगैरे नंतर, आधी डॉक्टर.

अजून एक, पाळीच्या आधीच्या आठवड्यात माझे स्तन जड होतात, तेव्हा हीच ब्रा घट्ट वाटते. म्हणून माप पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत घेतलं, आणि त्या जड दिवसांसाठी वायर नसलेली एक मऊ वेगळी ठेवलीय.

शिवणीच्या कपाचा एक तोटा आहे, पातळ आणि अंगासरशी टी-शर्टमधून शिवण हलकीशी दिसते. त्यासाठी मी स्पेसर कपाची एक घेतली, म्हणजे जाळीसारखं पातळ, हवा खेळणारं कापड, फोमपेक्षा मऊ असतं त्यामुळे थोडं वाकतं. तीही कमी उंचीच्या कपाचीच. पण रोज घालायला मला शिवणवालीच आवडते. शिवण दिसली तर दिसली, आकार चांगला दिसतो, आणि मला चेपलेल्या कपाच्या काळजीत दिवस काढायचा नाही.

तीन ब्रा आलटून पालटून घालते, रोज तीच नाही, इलॅस्टिकला परत आकसायला वेळ मिळतो. हाताने धुते, पिळत नाही, वाळत घालताना स्ट्रॅपने न टांगता मधल्या भागावर टांगते. पहिली काळी बाल्कनेट आता दुसऱ्या हुकवर आलीय.

आता शोधतेय ती स्पोर्ट्स ब्रा. डोक्यावरून घालायच्या ज्या असतात त्या दोन्ही स्तन एकत्र दाबून सपाट करतात आणि माझ्या आकाराला त्यात सगळं खाली दबतं, धावताना खालून घाम आणि चोळण. दोन वेगळे कप आणि मागे हुक असलेली एक बघून ठेवलीय, ३२ डबल डी मध्ये. शनिवारी बहिणीला घेऊन जाणार आहे, ती बाजूने बघणार आणि मी ट्रायल रूममध्ये उड्या मारून बघणार.