साबुदाणा, विज्ञान भवन आणि आई

गोष्ट सप्टेंबरातली आहे, लिहायची राहून गेली होती. २३ सप्टेंबर २०२५, मंगळवार, नवरात्राचा दुसरा दिवस. आईचे नऊ दिवस उपवास असतात आणि यंदा ती आमच्याकडे डोंबिवलीला होती. माझं वर्क फ्रॉम होम, म्हणजे लॅपटॉप डायनिंग टेबलावर आणि कान किचनमध्ये. टीव्हीवर सकाळपासून धाराशिव-सोलापूरचा पूर चालू होता, ती वाहून गेलेली जनावरं बघून बघून आई रडकुंडीला आलेली, मग मी रिमोटच काढून घेतला आणि चारच्या सुमाराला नॅशनल ॲवॉर्डचं लाइव्ह लावलं. दिल्ली, विज्ञान भवन, ७१वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार.

मला हा कार्यक्रम मनापासून आवडतो, आणि असं म्हटलं की लोक माझ्याकडे बघतात. कारण तसा तो अगदी शाळेच्या बक्षीस समारंभासारखा असतो. नाव पुकारतात, आधी हिंदीत मग इंग्लिशमध्ये दोन ओळी वाचतात, माणूस उठतो, चालत येतो, राष्ट्रपतींना नमस्कार, मेडल, सर्टिफिकेट, कॅमेऱ्याकडे बघ, झालं, पुढचा. भाषण नाही, थँक यू मॉम नाही, मध्येच कोणी छतावरून दोरीला लटकत नाचायला येत नाही. शाहरुख खानला ३३ वर्षांच्या करियरमध्ये पहिल्यांदा नॅशनल मिळालं, तोही तसाच उठला, तसाच चालला, तसाच खाली उतरला. आणि त्याच स्टेजवर, त्याच राष्ट्रपती मुर्मूंच्या हातून 'सॅम बहादुर'च्या मेकअपसाठी श्रीकांत देसाईंना आणि कपड्यांसाठी सचिन लोवलेकरांना (सोबत गंभीर आडनावाच्या दोघीजणी). एरवी मेकअपवाल्यांचं, कपडेवाल्यांचं नाव आपण पिक्चर संपल्यावर दाराकडे पळता पळता पाठमोरे वाचतो, म्हणजे वाचतच नाही.

मी हे इतकं कौतुकानं का सांगतेय तर मी दुसऱ्या टाइपचा सोहळा आतून बघितलेला आहे. सात-आठ वर्षांपूर्वी एका चॅनलच्या ॲवॉर्ड फंक्शनचे पास मैत्रिणीला मिळाले होते, कुठलं चॅनल ते जाऊ दे. चार वाजता बोलावलं, सुरू झालं साडेसातला, पाण्याची बाटली गेटवरच काढून घेतली. आधी काय केलं असेल तर एक हेडफोन लावलेला मुलगा स्टेजवर आला आणि म्हणाला, चला आता टाळ्या घेऊ. स्टेजवर कोणी नाही, काही नाही, आणि आम्ही हजारभर माणसं टाळ्या वाजवतोय. मग हसू घेतलं. मग "आता जरा इमोशनल व्हा" असं सांगून कॅमेरा फिरवला, माझी मैत्रीण इमोशनल होता होता फिस्सकन हसली तर तो चिडला. नंतर पुढच्या रांगांमधले कलाकार डान्सचे कपडे बदलायला आत गेले की आम्हाला उचलून त्यांच्या खुर्च्यांवर बसवायचे, खुर्ची रिकामी दिसायला नको म्हणून, आणि ते परत आले की उठा. रात्री दीड वाजता एका नटीच्या खुर्चीवर मी भुकेनं अर्धमेली होऊन बसले होते आणि स्टेजवर कुठल्याशा स्पॉन्सरच्या नावाचं 'बेस्ट स्माइल' चालू होतं. तीन आठवड्यांनी ते टीव्हीवर लागलं तेव्हा त्या हवेतल्या टाळ्या कोणाकोणाला लावल्या होत्या ते बघून मी आणि मैत्रीण फोनवर पंधरा मिनिटं हसत होतो. ज्याला खरंच उभं राहून टाळ्या मिळाल्या होत्या, एक म्हातारे नेपथ्यकार होते, ते एडिटमध्ये उडाले.

त्यामुळे मला ते विज्ञान भवन बरं वाटतं. जे होतं ते दिसतं.

म्हणजे तिथे सगळं गोड गोड असतं असं अजिबात नाही. २०१८ आठवतंय का, ६५वे पुरस्कार? ३ मेला कार्यक्रम, आणि २ तारखेच्या रिहर्सलला लोकांना कळलं की राष्ट्रपती कोविंद फक्त ११ जणांना स्वतः देणार आणि बाकीच्यांना मंत्री स्मृती इराणी देणार. पन्नासच्या वर लोक गेलेच नाहीत दुसऱ्या दिवशी. तेव्हा आमच्या ग्रुपवर चर्चा झाली होती की मेडल तेच, सर्टिफिकेट तेच, मग कोणी का देईना. मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आत्ताही नाही. एखाद्या साउंडवाल्याच्या आयुष्यात राष्ट्रपतीबरोबरचा फोटो हा एकदाच येतो, तो गावाकडे हॉलमध्ये फ्रेम करून लागतो, पुढच्या तीन पिढ्या पाहुण्यांना दाखवतात. तुम्ही त्याला आदल्या दिवशी सांगणार की तुझा नंबर दुसऱ्या रांगेत, तर तो रागावणारच ना. आणि राष्ट्रपती ज्यांना देणार त्या अकरात कोण हे ठरवलं कशावरून!

असो. तर आई साबुदाण्याला दाण्याचं कूट लावत होती आणि मी मधून मधून सांगत होते की हा अमका, ही तमकी. मोहनलालला फाळके पुरस्कार होता, आई म्हणाली हा कोण गं, मी म्हटलं मल्याळम, ती म्हणाली चेहरा छान समाधानी आहे. राणी मुखर्जीला ती ओळखते. विक्रांत मॅसीला नाही, "हा आपल्या सिरियलमध्ये होता का?"

आणि मग ती बालकलाकारांची लाइन आली. पाच मुलांना विभागून होता हा पुरस्कार, पाचातली चार मराठी! 'जिप्सी'चा कबीर खंदारे, आणि 'नाळ २'चे श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप आणि त्रिशा ठोसर. श्रीनिवासला तर पहिल्या 'नाळ'साठी पण मिळाला होता, तेव्हा केवढासा होता तो, आता मिसरूड फुटायच्या वयाला आलाय. पण सगळ्यांचं लक्ष त्रिशावर. एवढीशी चिमुरडी, तिला साडी नेसवलेली, ती तुरुतुरु चालत निघाली तर अख्ख्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट, खऱ्या टाळ्या हं, हेडफोनवाल्याने न मागितलेल्या. आई कूट लागलेले हात तसेच वर धरून किचनच्या दारात येऊन उभी. "अगं बाई, साडी पायात येईल तिच्या," एवढंच म्हणाली, आणि ती पोरगी नीट खाली उतरेपर्यंत हलली नाही जागेवरून. नंतर कमल हासननेही तिचं कौतुक केलं, लिहिलं की मला पहिला पुरस्कार मिळाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तू माझा रेकॉर्ड मोडलास.

मग मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून नाव पुकारलं, 'श्यामची आई'.

आई म्हणाली, "हे जुनं काय दाखवतायत?"

मी म्हटलं जुनं नाही गं, नवीन काढलाय, सुजय डहाकेचा, ब्लॅक अँड व्हाइटच आहे पण २०२३चा आहे. तिला काही केल्या पटेना. "त्याला मिळालंय की बक्षीस आधीच." आणि गंमत म्हणजे तिचं बरोबर होतं. हे पुरस्कार पहिल्यांदा दिले १९५४ साली, राजेंद्र प्रसाद राष्ट्रपती होते, आणि देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं ते आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. बिमल रॉयचा 'दो बिघा जमीन' त्या वर्षी सर्टिफिकेटवर थांबला, हे मी एका उत्तर भारतीय कलीगला सांगितलं तर त्याने माझ्यासमोर गुगल केलं. म्हणजे पहिल्या वर्षी 'श्यामची आई' आणि ७१व्या वर्षीही यादीत 'श्यामची आई'.

आईने तो जुना वाईजवळच्या आमच्या गावच्या जत्रेत बघितलेला, तंबूत. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, खाली बसकरं घेऊन. ती म्हणते मशीन मध्येच बंद पडायचं आणि अंधारात सगळीकडून नाकं ओढल्याचा आवाज यायचा, पुरुषांच्या बाजूने पण. माझे आजोबा, जे आम्ही कधी रडताना बघितले नाहीत, ते घरी येताना रस्ताभर कोणाशी बोलले नव्हते म्हणे. हे सांगता सांगता ती 'भरजरी गं पितांबर' गुणगुणायला लागली आणि खिचडी थोडी लागली खाली.

त्यानंतर मराठीला ते सर्वात वरचं पदक परत मिळायला ५० वर्षं लागली. २००४ला 'श्वास'. मग पटापट, 'देऊळ' (त्या वर्षी 'ब्यारी'बरोबर विभागून), 'कोर्ट', 'कासव'. हे वाचायला छान वाटतं. पण 'कासव'ला एप्रिल २०१७ला सुवर्णकमळ आणि थिएटरला आला ऑक्टोबरमध्ये, आणि मी तो बघायला गेले तेव्हा आमच्या बाजूला सापडलेला एकमेव शो वर्किंग डेला सकाळी अकराचा होता. हाफ डे टाकून गेले. आत आम्ही नऊ जण, त्यातले दोन एसीसाठी आलेले, झोपले. देशातला त्या वर्षीचा सगळ्यात चांगला पिक्चर आणि बाहेर त्याचं साधं पोस्टर नाही, तिकीट खिडकीवरच्या पोराने मला दोनदा विचारलं, मॅडम नक्की हाच ना? आता तर बक्षिसाची रक्कम पण वाढवलीय, सुवर्णकमळाला ३ लाख आणि रजतकमळाला २ लाख, चांगलंच आहे, पण मला वाटतं त्यापेक्षा संध्याकाळी सातचे चार शो द्या ना त्या पिक्चरला. लोक येतील. नाही आले तर मी आईला आणि सोसायटीतल्या भजनी मंडळाला घेऊन येते, पंचवीस तिकिटं तिथेच झाली.

हे 'नाळ २' आणि नवा 'श्यामची आई', दोन्ही २०२३च्या दिवाळीत आलेले. आपण तेव्हा काय करत होतो? मी फराळाचे फोटो टाकत होते. दोन्हीपैकी एकही बघितला नाही थिएटरात, आणि इथे बसून शोबद्दल भाषण देतेय, तेही खरंच.

कार्यक्रम संपला, राष्ट्रगीत लागलं, आई किचनमध्ये ताठ उभी राहिली, मी पण राहिले, तेवढ्यात माझ्या टीमच्या कॉलवर मी अनम्यूट असल्याचं कळलं. जन गण मन अख्ख्या टीमला ऐकू गेलं होतं. कोणी काही बोललं नाही, मॅनेजर फक्त म्हणाला, शाल वुई कंटिन्यू.

रात्री जेवणं झाल्यावर आई म्हणाली, त्या साडीवाल्या पोरीचा पिक्चर लाव. शोधला, एका ॲपवर सापडला. ते ॲप दादाच्या नावावर, लॉगिनला ओटीपी मागितला, दादा पुण्यात, फोन केला तर उचलेना. आई उशी पाठीला लावून, चष्मा पुसून तयार. पंधरा मिनिटांनी दादाचा मेसेज आला, "मीटिंगमध्ये आहे, कसला ओटीपी??? फ्रॉड असेल, देऊ नको कोणाला."