अंगणातील जुन्या वस्तूंची विक्री
वापरात नसलेल्या घरगुती वस्तू अंगणात मांडून विकायच्या असतील, तर खरे काम विक्रीच्या दिवशी नव्हे, तर त्याआधी किमती ठरवताना होते. मूळ खरेदीची रक्कम आणि वस्तूशी जडलेल्या आठवणी या दोन्हींना ग्राहकाच्या लेखी काहीच मोल नसते. म्हणून ही वस्तू आज आपण स्वतः कितीला घेतली असती, असा विचार करून आकडा ठरवावा आणि तो प्रत्येक वस्तूवर चिकटवावा, कारण भाव विचारण्याच्या संकोचाने अनेक जण काही न घेताच निघून जातात. घासाघीस होणारच; मात्र पहिल्याच ग्राहकापुढे निम्म्यावर येऊ नये, असे माझे मत आहे. सुटे पैसे भरपूर ठेवावेत. विजेची उपकरणे चालवून दाखवता यावीत, जुन्या फोनमधील खासगी माहिती पूर्णपणे पुसलेली असावी, आणि अपघातात आपटलेले हेल्मेट तर फुकटही देऊ नये, कारण त्याच्या आतील थराची हानी बाहेरून दिसतेच असे नाही. मोठे फर्निचर रस्त्यावरून दिसेल असे मांडल्यास जाणारे-येणारे थांबतात (पुस्तकांच्या खोक्यांपाशी फारसे कोणी थांबत नाही, हे लिहिताना मला वाईट वाटते). उरलेल्या वस्तू कोणाला द्यायच्या, हेही आधीच ठरवावे, अन्यथा त्या संध्याकाळी पुन्हा माळ्यावर जातात.