भाच्याचं रीळ आणि माझी आसारी

डिसेंबरात घरच्या लग्नासाठी भाचा मिनेसोटाहून नाशिकला आला. सामान उघडताना त्याने कापडात गुंडाळलेलं एक ॲल्युमिनियमचं रीळ काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "मामा, हे तुम्हीच भरून द्या. माझ्याकडून दोनदा बिघडलंय."

आमचं आजोळ येवल्याचं. संक्रांतीला तीन दिवस गच्चीवरून खाली न उतरणारी पोरं आम्ही. आसारीवर, म्हणजे पतंगाच्या फिरकीवर, दोरा भरायचं काम घरात कायम माझ्याकडे असायचं, हे त्याला ठाऊक होतं. मासेमारीही मला नवी नाही. गंगापूर धरणाच्या पाणफुगवट्यावर तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) आणि गळ घेऊन मी कितीतरी रविवार काढलेत. पण गोठलेल्या तळ्यात भोक पाडून मासे धरायचे, तेही फ्लाय फिशिंगचं (कीटकासारखा हलका गळ जाड दोरीच्या वजनाने फेकायच्या पद्धतीचं) रीळ वापरून, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

त्याने समजावलं. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात. पायी चालायला निदान ४ इंच जाडीचा नवा, स्वच्छ बर्फ हवा, असं तिथलं सरकारी खातंच सांगतं. मग गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं आणि गळ सरळ खाली सोडायचा. फेकायचं काहीच नाही. नेहमीच्या स्पिनिंग रिळात दोरा स्थिर चकतीच्या कडेवरून वेटोळी घेत सुटतो आणि गुंडाळताना तारेची कमान तो चकतीभोवती फिरवते, त्यामुळे दोऱ्याला पीळ बसत जातो. लांब फेकताना ते खपून जातं. पण भोकाखाली शांत लटकलेला, तांदळाच्या दाण्याएवढा गळ त्या पिळाने स्वतःभोवती गरगरत राहतो. पर्च, क्रॅपीसारखे मासे जवळ येतात, बघतात आणि निघून जातात. फ्लाय रिळाची चकती स्वतः फिरते, आसारीसारखी. दोरा सरळ सुटतो, सरळ येतो.

माझा विश्वास बसेना. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली सहा मीटर मोकळे. माझ्या जुन्या स्पिनिंग रिळाच्या तंगुसाला छोटं शिसं बांधून गॅलरीतून खाली सोडलं. शिसं एका बाजूला फिरलं, थांबलं, उलटं फिरलं, पुन्हा सुरू. पाच मिनिटं झाली तरी चाळा थांबेना. तेवढ्याने पटलं.

आता तो कुठे चुकला होता? पहिल्या वेळी त्याने ४ पौंडांचा (तेवढा भार तोलणारा) बारीक तंगूस थेट रिळाच्या गुळगुळीत गाभ्यावर बांधला. मासा लागला तशी सगळी गुंडाळीच गाभ्यावर घसरून फिरली. शिवाय तेवढ्याशा दोऱ्याने चकती भरतच नाही. फ्लाय रिळाला गिअर नसतात, मुठीचा एक फेरा म्हणजे चकतीचा एकच फेरा. या रिळाचा गाभा साडेतीन सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे एका फेऱ्यात ११ सेंटिमीटर दोरा येणार. चकती सहा सेंटिमीटरपर्यंत भरली, तर तोच फेरा जवळजवळ १९ सेंटिमीटर ओढतो. सहा मीटर खोलीवरून गळ वर घ्यायला ५५ ऐवजी ३२ फेरे. उणे पंधरा अंशांत, हातमोजा काढून मूठ फिरवणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे.

म्हणून पोटात बॅकिंग लागतं. २० पौंडांचा विणलेला डेक्रॉनचा दोरा, जो एरवी जाड फ्लाय लाइनच्या खाली भरतात. इथे फ्लाय लाइन नाहीच. सगळं पोट डेक्रॉनचं आणि वर फक्त तीस मीटर तंगूस. येवल्यात आम्ही आसारीवर आधी साधा दोरा भरायचो आणि मांजा फक्त पतंगाकडच्या टोकाला. तीच रीत ही. डेक्रॉन पाणी पितो आणि थंडीत कडक होतो, म्हणून तो पाण्यात जाताच कामा नये. पाण्यात फक्त वरचा तंगूस जायचा.

दुसऱ्या वेळी त्याने बॅकिंग भरलं होतं, पण सैल. जोराचा ओढा बसताच बारीक तंगूस खालच्या थरांत रुतला आणि अडकला. ही चूक मी लगेच ओळखली. सैल आसारीवर मांजाचं असंच होतं.

कामाला बसण्याआधी सरावासाठी साधा तंगूस आणायला भद्रकालीत गेलो. संक्रांत जवळ आलेली आणि नायलॉन मांजावर २०१७ पासून हरित लवादाची बंदी. दुकानदाराने मला नीट निरखलं, कशाला हवाय विचारलं, गळ दाखवल्यावरच गुंडी दिली. मला त्याचं वागणं आवडलं. त्या दोऱ्याने कापलेले गळे आणि पंखात दोरा अडकून झाडावर लटकलेली घुबडं या शहराने पुष्कळ पाहिली आहेत.

खरी अडचण मापाची होती. बॅकिंग किती भरायचं म्हणजे वर बरोबर तीस मीटर तंगूस बसून कडेला तीन मिलिमीटर जागा उरेल? अंदाजाने होत नाही. उलटं भरायचं: आधी तंगूस, त्यावर डेक्रॉन, चकती भरली की कापायचं. मग सगळं काढून पालथं करून पुन्हा भरायचं. मी माळ्यावरून आसारी काढली आणि रिळावरचं सगळं तिच्यावर घेतलं. परत भरायला टोक हातात घेतलं तर ते तंगुसाचं! डेक्रॉन आसारीच्या तळाशी गेलेला. म्हणजे आणखी एका आसारीवर फिरवल्याशिवाय डेक्रॉनचं टोक वर येणार नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाची आसारी मागून आणली. जवळजवळ दोनशे मीटर दोरा या आसारीवरून त्या आसारीवर गेला. भाचा धरून बसला, मी फिरवत होतो. लग्नघर असल्याने येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारत होता.

बांधण्याआधी हात ठरवून घेतला. भाचा उजव्या हातात काठी धरतो, मूठ डाव्या हाताने फिरवतो. त्याप्रमाणे रिळातली खिटी (चकतीला एकाच दिशेने अडवणारा तुकडा) उलटवून बसवली, नाहीतर दोरा सुटताना सैल आणि गुंडाळताना घट्ट झाला असता. मग गाभ्याची गाठ: डेक्रॉन गाभ्याभोवती घेऊन टोकाने मुख्य दोऱ्यावर एक साधी गाठ, टोकाच्याच शेवटी आणखी एक, आणि ओढायचं. दुसरी गाठ पहिलीला येऊन टेकते आणि फास गाभ्यावर आवळतो.

भरताना डेक्रॉन ओल्या फडक्याच्या चिमटीतून सोडला. चिमूट भाच्याची, मूठ माझी. दोरा या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवत न्यायचा, मध्ये उंचवटा होऊ द्यायचा नाही. भरून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून पाहिलं. थर दबला नाही.

डेक्रॉन आणि तंगूस जोडायला दुहेरी युनी गाठ घातली, तंगुसाचे सहा वेढे, डेक्रॉनचे चार. आवळण्याआधी थुंकी लावायचीच. कोरडा तंगूस घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो. पहिली गाठ कोरडीच ओढली गेली, तंगूस पांढुरका पडून कुरळा झाला. ती कापून टाकली. दुसरी काचेसारखी गुळगुळीत बसली.

राहिली थंडी. निफाडला पारा कितीही उतरला तरी मिनेसोटाची सर नाही. म्हणून रीळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये, उणे अठरावर ठेवलं. सकाळी मूठ जड फिरत होती. आतलं जाड ग्रीस घट्ट झालेलं. चकती काढून आस पुसला आणि शिलाई मशिनच्या तेलाचा एकच थेंब दिला. ज्या रिळाचा ब्रेक सीलबंद असतो, ते मात्र घरी उघडू नये. दुसऱ्या रात्रीनंतर ते हलकं फिरलं.

जानेवारीअखेर त्याचा व्हिडिओ कॉल आला. भोकाशेजारी बसलेला, मागे सगळं पांढरं. गळ सरळ लटकतोय, फिरत नाही, हे त्याने पाण्यातल्या कॅमेऱ्यावर दाखवलं. म्हणाला, "मामा, सहा मीटर पाणी आहे, पण ३२ नाही, ३४ फेरे लागतात." मी बर्फ किती जाड आहे विचारलं. पस्तीस सेंटिमीटर. तो मी हिशेबात धरलाच नव्हता.