गाठ तेवढीच आहे, म्हणजे केमो लागू पडत नाहीये का?

ब्रेस्ट कॅन्सरमधे बऱ्याचदा ऑपरेशनच्या आधी केमो देतात, आणि मग घरचे सगळे एकच विचारतात, गाठ कमी झाली का? पण आकार हा जरा आळशी पुरावा आहे, आत पेशी मरायला लागल्या तरी हाताला गाठ तेवढीच लागू शकते.

एमआरआयचा एक प्रकार आहे डिफ्युजन, त्यात पाण्याचे रेणू किती मोकळे हलतात ते बघतात. ट्यूमरमधे पेशींची गर्दी म्हणजे संध्याकाळची विरार लोकल, पाण्याला हलायलाच जागा नाही, औषधाने पेशी मेल्या की जागा होते आणि एडीसी नावाचा आकडा वाढतो. दुसरा प्रकार म्हणजे शिरेतून गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमधे उठून दिसणारं द्रव्य, देऊन गाठीचा किती भाग ते भराभर ओढतोय ते मोजायचं. अमेरिकेतल्या आय-स्पाय ट्रायलमधे हेच व्हॉल्यूम मोजलं आणि 2012 च्या निकालात केमो लागू पडतेय का याचा अंदाज द्यायला ते डॉक्टरांनी हाताने तपासण्यापेक्षा सरस ठरलं. पुढच्या आय-स्पाय 2 मधे तर नवीन पेशंटला कुठलं औषध द्यायचं हे ठरवतानाही आधीच्या पेशंटांचं एमआरआय व्हॉल्यूम हिशोबात धरलं!

पण लगेच हुरळून जाऊ नका हं. आय-स्पाय 2 मधल्याच काही पेशंटांमधे एडीसी तपासला तर 3 आठवड्यांनी फारसं काही कळलं नाही, 12 आठवड्यांनी थोडा अंदाज आला, तोही बेताचाच. त्यामुळे एका स्कॅनवरून केमो बदला म्हणून डॉक्टरांच्या मागे लागण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. बायोप्सी आणि ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट लागतोच.