तुम्ही विचारलंत म्हणून: तिथले लोक खातात काय?

वादळ-पुराच्या मुलखातल्या मदतकार्याहून परतलं की हा प्रश्न ठरलेलाच. ‘चार-दोन वर्षांनी सगळं वाहून जातं, मग तिथे पोट भरतं कशावर? आणि निघून का जात नाहीत?’

एका धंद्यावर पोट भरतच नाही. सुंदरबनात, म्हणजे बंगालच्या समुद्रकाठच्या खारफुटीच्या मुलखात, ‘काय काम करता?’ म्हटलं तर उत्तर महिन्यावर अवलंबून. पावसाळ्यात भात, चैत्र-वैशाखात परवाना काढून जंगलातला मध, अधेमधे खेकडे. २५ मे २००९ला आयला वादळात नदी-खाडीकाठचे बांध फुटले आणि खारं पाणी शेतात शिरलं. पाणी ओसरलं, मीठ राहिलं. पुढची दोन-तीन वर्षं भाताने दगा दिला.

तेव्हा आधार होता ‘मीन’चा, म्हणजे बागदा कोळंबीच्या पिल्लांचा. बायका कमरेएवढ्या पाण्यात तासन्‌तास जाळं ओढतात, मगरींच्या खाडीत. मग काठावर बसून पांढऱ्या ताटलीतल्या पाण्यातून शिंपल्याने एकेक पिल्लू वेचायचं. पिल्लू केसासारखं, दिसतात ते फक्त डोळ्यांचे दोन काळे ठिपके. बाकीच्या माशांची पिल्लं चिखलात फेकली जातात. त्याने मासळी घटते, हे खरंच. मी एकीला तसं ऐकवलंही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि जाळं उचलून पुन्हा पाण्यात उतरली.

आमचं शहाणपण असंच. एका गावात आम्ही कोंबड्या वाटल्या. एक म्हातारी म्हणाली, “बदकं द्यायचीत ना बाबा, पाणी आलं की पोहतात तरी.” आमच्या कागदांत हे कुठेच नव्हतं.

शिवाय जे उद्ध्वस्त करतं, त्यातूनच कधी कमाईही निघते. जावातल्या मेरापी ज्वालामुखीचा २०१०मध्ये मोठा उद्रेक झाला. नंतर नद्यांत वाहून आलेली वाळू उपसून कितीतरी घरं चालली. बांगलादेशात पाणी महिनोन्‌महिने हटत नाही तिथे जलपर्णीचे थर रचून त्यांवर तरंगते वाफे करतात आणि भाजीची रोपं वाढवतात.

राहिलं ‘निघून का जात नाहीत’. जातात की! आयलानंतर कितीतरी कर्ते पुरुष केरळ-तमिळनाडूत बांधकामावर गेले. पण घरातला एकच जातो. बाकीचे जमीन धरून राहतात, कारण जमीन पडीक टाकली तर परतायला काही उरत नाही. तो पैसे पाठवतो. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला त्याचा फोन येतो: बांध टिकला का?